बिहालीच्या घाटात उभी असलेली बंडी

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईल काढायचा, कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाला एसटीत मेलेला मामा भेटला ते वाचायचं आणि नवऱ्याला पाठवायचं... खाली "घ्या, अजून एक" असं लिहून. आता तोच म्हणतो, तुझंही लिही. म्हणून लिहितेय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मी त्यातलीच आहे.

अकोल्यात जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. पहाटे माल उतरवून घेतला की दुकान उघडेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात मी सायकल चालवते. वजन उतरावं म्हणून सुरू केलं होतं. वजन आहे तिथेच आहे, पण सायकल अंगात भिनली.

वैशाली समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. नवरा तिला सोडून गेला तेव्हा ती वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. मीच तिच्या मागे लागून लागून तिला खाली आणलं, सायकलवर बसवलं. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, मग बार्शीटाकळीपर्यंत, मग पातूरचा घाट. माझ्यापेक्षा हलकी, त्यामुळे चढावर ती माझ्या पुढे निघायला लागली. मला त्याचा आनंदच होता, खोटं कशाला सांगू?

मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका राईडची जाहिरात आली. अमरावती, परतवाडा, घटांगवरून चिखलदरा, दुसऱ्या बाजूने उतरून परत अमरावती. एका दिवसात शंभर मैल, आणि मध्ये सातपुड्याचा अख्खा घाट. वैशाली तिच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच हातात धरून म्हणाली, "संगे, करू आपण. पन सोबत. तू मांगं राह्यली तं मी थांबतो, मी राह्यली तं तू थांब. शेवटी दोघी एकाच टायमाले पोचू."

(आमच्याकडे बायकाही 'थांबतो'च म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.)

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला मेडलचं काही नव्हतं. त्या बाईला मी घरातून बाहेर काढलं होतं, आणि आता आम्ही दोघी मिळून शेवटची रेघ ओलांडणार होतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

राईडच्या दिवशी उजाडायच्या आत अमरावतीहून सुटलो. वारा समोरून. ज्यांना सायकलिंगचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते... समोरून वारा असला की पुढचा सगळा वारा अंगावर घेतो आणि मागचा त्याच्या आडोशाला राहतो. मागच्याची बरीच ताकद वाचते. म्हणून आळीपाळीने पुढे व्हायचं असतं, तसा रिवाजच आहे. परतवाड्यापर्यंत मीच पुढे होते. दोनदा वळून म्हटलं, "ये आता तू समोर."

"थोडं थांब न वं, पायात गोळा येऊन राह्यला. तुह्या मांगं कसं ट्रकच्या मांगं असल्यासारखं वाटते."

मी हसले. माझ्या अंगाचा कोणालातरी उपयोग होतोय, म्हटलं, होऊ दे.

परतवाड्याला खाण्यापिण्याचा थांबा होता. मी बूट काढून बसले, उकडलेल्या बटाट्यावर मीठ घातलं. वैशाली बसलीच नाही. उभ्या उभ्या केळं संपवलं, बाटली भरली आणि म्हणाली, "संगे, पाय गरम हायेत तोवर मी सरकतो समोर. घटांगले थांबतो."

"आपलं काय ठरलं होतं?"

"थांबतो म्हणलं न."

गेली. तिथला व्हॉलंटिअर माझ्या हातात दुसरं केळं देत कौतुकाने म्हणाला, "ताई, तुमच्या मैत्रिणीचा आज बायकायमंदी पहिला नंबर लागते पाहा." तेव्हा माझी ट्यूब पेटली. पायात गोळा वगैरे काही नव्हता. घाटासाठी ताकद राखून ठेवली होती, माझ्या पाठीआड. हातातला बटाटा मी तसाच ठेवून दिला. तरी मी मनाला समजावलं की घटांगला थांबणार आहे ना, मग झालं.

बिहालीच्या पुढे चढ सुरू झाला. तोवर सगळे पुढे गेले होते, मी शेवटची. दोन्हीकडे सागाची वाळकी पानं, कठड्यावर वानरं, आणि डोक्यावर चांगलं चढलेलं ऊन. अंधार-बिंधार काही नव्हता, हे मुद्दाम सांगते. एका वळणावर मांडीत असा गोळा आला... या वेळी माझ्या, आणि खराखुरा... की मी उतरलेच.

तिथे एक बंडी उभी होती. बंडी म्हणजे बैलगाडी. मोठी लाकडी चाकं, वर चवाळ्यांत बांधलेल्या कापसाचे गठ्ठे, इतके की गाडी दिसेना. बैल नव्हते. जू जमिनीला टेकलेलं. बाजूला पागोटं बांधलेला एक म्हातारा उभा होता.

"वर चालली का, माय?"

"चालली तं हाये बाबा. पोचतो का नाही, मालूम नाही. तुमचे बैल कुठी गेले?"

"सोबत्यानं नेले. दोन बंड्या होत्या आमच्या. एका जोडीनं घाट चढत नाही. मंग अगुदर त्याच्या बंडीले चारही बैल जुपले. वर सोडून माघारा येतो म्हणाला, मंग माही बंडी न्यायची."

"कवा गेला?"

"सकाळी."

कोणत्या सकाळी, हे विचारायला हवं होतं. पण माझं डोकं वैशालीपाशी होतं. मी म्हटलं, "तो येत नाही बाबा. वर गेलेलं माणूस खाली पाहत नाही."

"काहून नाही येणार? शब्द देल्ला त्यानं."

इतक्या सरळपणे म्हणाला की मला भडभडून आलं. रस्त्याच्या कडेला एका अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं... वारा, परतवाडा, घटांग, सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी लोटून देतो तुले. वर माहा सोबती दिसला तं सांगजो, मी उभा हावो. नाही दिसला तं तसं सांगाले ये. ताटकळत ठिवू नको फक्त."

"येतो," मी म्हटलं.

मी सायकलवर बसले. सीटच्या मागे त्याचा तळवा टेकला आणि सायकल निघाली. मी पायडल मारत होते, पण नुसते पाय फिरत होते, जोर लागतच नव्हता. म्हाताऱ्याच्या अंगात केवढी ताकद आहे, असं वाटलं. पुढच्या वळणावर "बस बाबा, दमाल" म्हणून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. रस्ता खालपर्यंत मोकळा. आणि तळवा सीटवर तसाच होता.

मी पुन्हा मागे पाहिलं नाही. घाबरले का? नाही. विचारच करायचा नाही असं ठरवलं आणि समोर पाहत राहिले. घटांगच्या अलीकडे तो हात सुटला, तेव्हा सायकल एकदम जड झाली.

घटांगच्या थांब्यावर वैशाली नव्हती. तिथल्या मुलीला विचारलं.

"अकोल्याच्या ताई? त्या तर थांबल्याच नाहीत. पाणीसुद्धा नाही घेतलं. पहिल्या आहेत त्या." मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "पण तुम्ही कुठून आलात? सगळ्यांच्या मागून येणारी आमची जीप आत्ताच घाट चढून आली. रस्त्यात एकही सायकल नाही म्हणाले. आम्हाला वाटलं तुम्ही परतवाड्यातूनच परत गेलात."

जीपच्या ड्रायव्हरला विचारलं, खाली रस्त्यात कोणी दिसलं का? "वानरं होते," तो म्हणाला.  म्हाताऱ्याचं नाव काढलं असतं तर त्यांनी मला जीपमध्येच घातलं असतं.

वेळेत होते मी. पुढे चिखलदऱ्यापर्यंतचा चढ, मग उतारच उतार, राईड पूर्ण झाली असती. चारचारदा त्या मुलीने सांगितलं, ताई, खाली गेलात तर बाद व्हाल. पण मला इतका राग आला होता की काय सांगू. सोबत म्हणायचं आणि आडोसा घ्यायचा, थांबते म्हणायचं आणि पाणीही न पिता निघून जायचं. म्हटलं, आज या घाटात निदान एका माणसाने तरी बोललेलं पाळावं. त्याचा सोबती काही वर दिसला नव्हता. सायकल फिरवली आणि खाली उतरले.

वळण तेच, कठड्याचा पडलेला दगड तोच. बंडी नव्हती. एवढा कापूस होता, त्याचे चार तंतू तरी पडायला हवे होते, तर तेही नाहीत. मी तिथे बसून राहिले. आता हाही गेला, असं वाटलं आणि चक्क रडले.

खालून एक गडी मोटारसायकलला दुधाच्या कॅन बांधून येत होता. थांबला. "सायकल बिघडली का ताई?" बिहालीचा होता. मी म्हटलं, इथे पागोटं बांधलेले एक बाबा होते, कापसाची बंडी होती, कुठे गेले? त्याने गाडी बंद केली.

"तुमाले काय म्हणाला? त्याले सोडून गेले असं?"

"हो. सोबत्याने बैल नेले म्हणाला."

"साऱ्यायले तेच सांगते तो." तो खाली थुंकला. "ज्याले सोडलं तो हा नोहे, ताई. सोडून गेलेला हाच हाये."

मला कळेना. तेव्हा त्याने त्याच्या आजाकडून ऐकलेलं सांगितलं. इंग्रजाच्या राज्यात एकदा कापसाला लय तेजी आली. तिकडे दूर कुठे लढाई लागली होती, आणि इकडे वऱ्हाडात ज्याचा माल आधी पोचेल त्याची चांदी. घाटावरूनही बंड्या जायच्या. हा माणूस सोबत्याचे बैल आपल्या बंडीला लावून वर गेला आणि तसाच पुढे निघून गेला. खाली राहिलेल्याचं काय झालं, कोणालाच माहीत नाही.

"पन इथं उभा हा राह्यते. अन सांगते का मलेच सोडलं."

"असं काहून?"

"ते त्याले इचारा," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. "एकट्या माणसाले नाही दिसत तो. दोघं सोबत निंगून अलग झाले, तं दिसते."

 ज्याच्यासाठी मी राईड सोडून खाली आले, त्याने मला फसवलं होतं. एकाच दिवसात दुसऱ्यांदा. शेवटी मला शोधत जीप खाली आली आणि सायकल वर टाकून त्यांनी मला संध्याकाळी अमरावतीला नेलं.

वैशाली मंडपात खुर्चीवर बसली होती. गळ्यात मेडल. मला पाहून उठली. मला वाटलं माफी मागेल. तिचे डोळे सुजलेले होते, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सोडून गेली न मले?"

"मी?"

"मले माहीच लाज वाटली घाटात. म्हणलं, आपलं चुकलं, घटांगपर्यंत काहाले, इथंच थांबू. थांबलो एका वळणावर. तं तिथं एक बुढा म्हणाला, तुही सोबतीण परतवाड्यातूनच माघारी फिरली. येत नाही ते. तू जाय."

"कोणता बुढा?"

"कापसाची बंडी होती त्याच्यापाशी. बैल नव्हते."

मी खाली बसले. त्या म्हाताऱ्याबद्दल मी बिहालीच्या दूधवाल्याशिवाय कोणाशीही बोलले नव्हते. जीपमध्ये तर तोंडही उघडलं नव्हतं. आणि तो तिला हे सांगत होता तेव्हा मी तिच्या मागून घाटाकडेच येत होते, कुठेही माघारी फिरले नव्हते. फिरले ते नंतर, त्याला दिलेल्या शब्दापायी. म्हणजे त्याने खोटं सांगितलं आणि माझ्याच हातून ते खरं करून घेतलं.

नवरा म्हणतो उन्हाने होतं असं, साखर कमी झाली असेल. दोघींची, एकाच वळणावर, एकाच बंडीसकट? डॉक्टरांना विचारलं, ते हसले. मीही हसले असते.

या गोष्टीला आता वर्ष होईल. वैशाली समोरच राहते. दिसली की "काय वं" म्हणते, मीही म्हणते. सायकली वेगवेगळ्या वेळी निघतात. तिचं म्हणणं, माझी काय चूक, त्यानं सांगितलं म्हणून मी गेले. बरोबरच आहे, त्यानंच सांगितलं. तो कोण होता, दिवसाढवळ्या तिथे कसा होता, माझ्या सीटवर तो हात कोणाचा होता, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. त्याच्यावर माझा रागही नाही, तो खोटंच बोलणार. पण एका अनोळखी माणसाने माझ्याबद्दल 'ती येत नाही' म्हटलं आणि वैशालीला ते एका झटक्यात पटलं, दोन वळणं खाली येऊन बघावंसंही वाटलं नाही... ते कसं, हे मला अजून कळलेलं नाही.