खोट्या नावांची जत्रा

आत्ती माणसाच्या तोंडाकडे शेवटी बघायची. दाराशी कुणी आलं की तिची नजर आधी पायांवर जायची, मग हातांवर, मग हातातल्या पिशवीवर, आणि एवढ्यात माणूस पटला तरच तोंडावर. गॅसची टाकी आणणारा, मीटर बघायला येणारा, माझ्या वर्गातल्या मैत्रिणी, यातून कुणीच सुटत नसे. मी एकदा चिडून विचारलं, "आत्ती, पायात एवढं काय असतं?" तर म्हणाली, "तोंड माणूस पायजे तसं करतंय गं रुती. पायाला न्हाई येत त्ये."

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आटपाडीच्या पलीकडच्या आमच्या गावात तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि पुढे गुडघे चालेनात म्हणून मेंढरं विकावी लागली. त्याच वर्षी मला सांगलीत कॉलेजला प्रवेश मिळाला. विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि वडिलांनी आत्तीला माझ्याबरोबर धाडलं. नाव स्वयंपाकाचं, काम राखणीचं. इतकी वर्षं सगळ्या कळपात वाटून जाणारी तिची नजर आता एकट्या माझ्या वाट्याला आली.

मी लॅपटॉपवर जपानी कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे बघत बसायचे. आत्ती हात पुसत पुसत मागं येऊन उभी राहायची. भाषा कळायची नाही, पण संशय घ्यायला तिला भाषा लागत नसे. "ही पोरं येकलीच फिरत्यात सगळीकडं. ह्यांचं आईबाप कुठं असत्यात?" खरंच, माझ्या आवडत्या एकाही मालिकेत कुणाचे आईबाप धड दिसत नव्हते.

त्या काळात माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मी कधी पाहिलेली नव्हती. अ‍ॅनिमे बघणाऱ्यांचा आमचा एक ऑनलाइन ग्रुप होता. तिथं कुणीच खऱ्या नावानं नसे. मी युकी होते, ती हाना होती. हाना साताऱ्याची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, असं तिनं सांगितलं होतं. दोन वर्षं आम्ही रोज एकमेकींना लिहायचो. फोनवर बोलायला तिला संकोच वाटायचा, म्हणून बोलणं मात्र कधी झालं नाही. मी गणितात नापास झाल्याचं घरच्यांच्या आधी तिला कळलं होतं. आत्तीला हे सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "आवाज ऐकला न्हाईस, तोंड बघितलं न्हाईस. मग ती हाय हे तुला कुणी सांगितलं?"

मग ग्रुपमधल्या काही जणांनी साताऱ्यात एक दिवसाचं कन्व्हेन्शन ठरवलं. रविवार, एक मंगल कार्यालय, वेशभूषा स्पर्धा, प्रश्नमंजूषा, चित्रांचे आणि स्टिकरचे स्टॉल. हाना येणार होती. वडिलांनी फोनवर एकच अट घातली, आत्ती संगं गेली तर जा.

"कसली जत्रा हाय ही?" आत्तीनं विचारलं.

"अ‍ॅनिमे कन्व्हेन्शन."

"देव कुठला?"

"देव नसतो गं तिथं."

"देव न्हाई आन जत्रा हाय," ती म्हणाली. "मग लोकं येत्यात कशाला?"

तरी ती आली. मी दोन महिने खपून निळा झगा शिवला होता, चंदेरी केसांचा टोप मागवला होता आणि फोमची तलवार रंगवली होती. आत्तीनं मला एसटीत अंगभर शाल गुंडाळून बसवलं. तलवार जुन्या लुगड्यात बांधून स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि साताऱ्यापर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

कार्यालयात आदल्या दिवशी लग्न झालं होतं. व्यासपीठावर नवरा-नवरीची थर्माकोलची नावं अजून लटकत होती आणि त्यांच्याखाली शिंगांची, पंखांची, हिरव्या केसांची माणसं हिंडत होती. दारावर एक मुलगी प्रत्येकाचं हत्यार दाबून, वाकवून बघत होती. धार नाही याची खात्री झाली की त्याला लाल फीत बांधून आत सोडत होती. साऱ्या दिवसात आत्तीला पसंत पडलेली ही एकमेव गोष्ट. तिनं कनवटीचा अडकित्ता काढून त्या मुलीपुढं धरला. मुलगी गोंधळली, माझ्याकडे बघितलं, आणि अडकित्त्यालाही लाल फीत बांधून दिली.

आत गेल्यावर आत्तीनं चौकशी सुरू केली. एक जण डोक्यावर दोन हात लांब शिंगं लावून जवळून चालला होता. त्याला तिनं थांबवलं. "तू कुणाचा रं?"

"मी पाताळाचा राजा," तो जाड आवाजात म्हणाला.

"गाव कुठलं?"

"शिराळा."

"मग तसं सांग की."

एका कॅमेरावाल्यानं मला विचारलं, "फोटो काढू का?" मी हो म्हणायच्या आत आत्ती म्हणाली, "न्हाई." मी तिला समजावलं, की इथं विचारल्याशिवाय कुणी कुणाचा फोटो काढत नाही, अंगाला हात लावत नाही, तसा नियमच आहे. "विचारतोय म्हंजे काढायचाच हाय त्येला," ती म्हणाली. पुढे व्यासपीठावर एका लाजऱ्या मुलीचा टोप निसटून पडला. ती रडवेली झाली, तेव्हा सगळ्या सभागृहानं उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्ती मात्र आणखीच सावध झाली. "पडलेल्या पोरीला टाळ्या वाजवत्यात. ह्यांच्या मनात काय हाय त्ये कळंना."

मुलींच्या खोलीबाहेर तिनं एक खुर्ची धरली. तिला बघून एका मुलीनं विचारलं, "आजी, बॅग ठेवू का जरा?" मग दुसरीनं ठेवली, तिसरीनं ठेवली. दुपारपर्यंत आत्तीभोवती बॅगांचा ढीग झाला. परत देताना ती नाव, गाव आणि आत काय काय आहे ते विचारायची. नीट सांगितल्याशिवाय पट्टा हातातून सोडायची नाही. भूतप्रेतं, राजकन्या, यंत्रमानव रांगेत उभे राहून आपापल्या बॅगेतल्या वस्तू सांगत होते. कंगवा, चार्जर, अर्धा वडापाव.

बाराच्या सुमारास हाना आली. केसांत लाल फूल लावायचं असं आमचं ठरलं होतं. अंगात जपानी पद्धतीचा लांब झगा, तोंडावर कोल्ह्याचा पांढरा मुखवटा. "युकी?" म्हणाली, आणि आम्ही दोघींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली. तिनं आपली कापडी पिशवी आत्तीच्या ढिगात ठेवली आणि भडाभडा बोलायला लागली. तेच बोलणं, तेच विनोद, मी दोन वर्षं वाचत आले होते तेच. मला मुखवट्याचं काही वाटलं नाही. तिथं निम्मे लोक मुखवट्यात होते.

आत्ती तिच्या सपातांकडे बघत होती.

"कॉलेजात हाईस व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"कितव्या वर्साला?"

"दुसऱ्या."

"आन जोडवी कवा काढलीस?"

हानानं पाय झग्याखाली घ्यायच्या आत मलाही दिसलं. तिच्या दोन्ही पायांच्या बोटांवर गोल, पांढरट, खोल वळ होते.

"सकाळी काढली असशील," आत्ती म्हणाली. "दहा-बारा वर्सं घातल्याबिगर असं वळ पडत न्हाईत. तोंड दाव."

बॅगांसाठी रांगेत उभ्या असलेल्या पाच-सहा मुली ऐकत होत्या. हानानं मुखवटा काढला. सदतीस-अडतीस वर्षांची बाई होती. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर आया उभ्या असतात तशी, साधी, घामेजलेली, काजळ पसरलेलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं नाव वैशाली. मला सहावीतली मुलगी आहे. मी इथं आल्याचं घरी कुणाला माहीत नाही. पण बाकी सगळं खरं होतं, युकी."

"बाकी काय राहिलं?" मी म्हणाले, आणि तिथून निघून गेले. स्पर्धेत माझा नंबर पुकारला म्हणून व्यासपीठावर गेले, तलवार उलटी धरली, पाठ केलेलं वाक्य विसरले. परत आले तेव्हा ती नव्हती. आत्ती बॅगा राखत बसली होती.

परतीच्या एसटीत मी कराडपर्यंत तलवारीची लाल फीत सोडत बसले. आत्तीनं डबा उघडला, मी घेतला नाही, तिनं झाकण लावलं. शेवटी मीच म्हणाले, "सगळ्यांसमोर कशाला बोललीस?"

"मग काय करू? दोन वर्सं फसवत हुती तुला."

"काय घेतलं तिनं माझ्याकडून?"

आत्तीनं डबा पिशवीत घातला. बाहेर ऊस मागं पडत होता. ती म्हणाली, "त्येच मला कळंना झालंय." आयुष्यभरात तिनं पुष्कळ लबाड पकडले होते, खोटी वजनं लावणारे, रोगट जनावर गळ्यात मारणारे. पण या वेळी लबाडी सापडली होती आणि नुकसान सापडत नव्हतं.

हानाचं खातं त्याच दिवशी बंद झालं. रोज संध्याकाळी मोबाइल हातात घ्यायची सवय जाईना. मी घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. आठवड्यानं मेथी निवडता निवडता तिनं कनवटीचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. वर एक फोन नंबर होता.

"तिचा हाय. तू ष्टेजवर गेलतीस, तवा पिशवी न्यायला आलती."

"आणि तू नंबर घेतलास?"

"आधी पिशवीत काय हाय ते इचारलं. सगळ्यास्नी इचारत हुते, तिला कसं सोडू? म्हणाली, साडी, मंगळसूत्र आन जोडवी." आत्तीनं एक जुडी संपवून दुसरी घेतली. "त्येच्यावाचून घरी कशी जाणार हुती ती? मी लय बोलले. तेवढं बोलायचं कारण नव्हतं."

मग तिनं मला आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. तरुणपणी ती आणि तिची जाऊ शेळी बघायला जातो असं सांगून आटपाडीच्या बाजारात तंबूतला सिनेमा बघायच्या. "माज्या सासऱ्याला शेवटापातूर कळलं न्हाई. शेळी पसंत पडली न्हाई म्हणायचं आन घरी यायचं. किती शेळ्या नापसंत केल्या मी."

मी फोन केला. त्या दिवशी मी हानाचा आवाज घरात बसून पहिल्यांदा ऐकला, आणि तिला वैशालीताई म्हणायला लागले. ती पुढे सांगलीला येऊनही गेली. आत्तीनं तिला पोटभर जेवू घातलं, पण संशय सोडला नाही. वैशालीताई हात धुवून बसल्यावर आत्ती म्हणाली, "अजून काय लपवलं असलं तर आत्ताच सांग. मागनं कळलं तर मी ऐकून घेणार न्हाई."

कॉलेज संपलं, मला पुण्यात नोकरी लागली आणि आत्ती गावाकडे परतली. निघताना तिनं माझ्या खोलीची कडी तीनदा लावून बघितली आणि शेजारणीच्या पायांवरून नजर फिरवून घेतली. पुढं आठवड्याला एक फोन, इतकंच.

दुसऱ्या वर्षी आमचा विभाग बंद झाला आणि माझी नोकरी गेली. पाच महिने मी बसून होते. घरी मी सांगितलं नाही. सगळं ठीक आहे, काम जास्त आहे, असं म्हणत राहिले. खरं फक्त वैशालीताईला माहीत होतं. त्याच दिवसांत गावाकडून पुण्याला येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हाती आत्तीची गोणी यायला लागली. बाजरीचं पीठ, शेंगा, हुलगे, तुपाची बरणी, लाल चटणी. मी कुरकुरले, "आत्ती, पुण्यात सगळं मिळतं गं." ती म्हणाली, "मिळत आसंल. तू खा."

गेल्या उन्हाळ्यात आत्ती गेली. दोन दिवसांचा ताप झाला, तिसऱ्या दिवशी संपलं. दहाव्याला वैशालीताई साताऱ्याहून मुलीला घेऊन आली. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "दर रविवारी फोन यायचा त्यांचा. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं.

"पहिलं वर्षभर माझीच उलटतपासणी. घरी सांगितलंस का, नवरा काय म्हणाला, पोरीला कळलंय का. शेवटी मी सगळं सांगून टाकलं घरी. त्यांना तोंड द्यायच्यापेक्षा ते सोपं होतं." ती हसली. "तुझी नोकरी गेल्याचं मी नव्हतं सांगितलं हं. त्यांनीच मला सांगितलं. म्हणाल्या, 'रुती कामाच्या दिवशी दुपारी फोन पहिल्या घंटीला उचलतीया, मागं कुणाचा आवाज येत न्हाई. पोरगी घरात बसून हाय. खरं का खोटं?' मला नाही म्हणता आलं नाही."

"मला तर कधी विचारलं नाही तिनं."

"मला बजावलं होतं. 'तिला सांगायचं आसंल तवा सांगंल. तू बोलू नगंस.'"

मी आत्तीला ते कधीच सांगितलं नाही. नवी नोकरी लागली तेव्हासुद्धा एवढंच म्हणाले होते, की आता ऑफिस लांब पडतं, सकाळी लवकर निघावं लागतं. ती म्हणाली, "बरं झालं बाई." मग पावसाचं बोलली, गुडघ्यांचं बोलली आणि फोन ठेवला.

त्या फोननंतर गोणी आली नाही.