पाण्याच्या पाळीतून आबा गायब

चाळिशी ओलांडल्यावर मी बारामतीला प्रोग्रॅमिंगच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा पिंपळीतल्या आमच्या भावकीला बोलायला चांगला विषय मिळाला. क्लासमधली पोरं मला काकू म्हणत आणि माझ्या भाच्याच्या वयाचे सर मॅडम म्हणत. मला दोन्ही चालायचं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एवढीच अट घातली होती की शिकलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे. नुसतीच टकटक असेल, तर क्लास बंद आणि शेडनेटमधली ढोबळी मिरची सुतळीनं तारेला बांधायला यायचं, कारण त्या कामाला माणूस मिळत नाही.

म्हणून दाखवायला मी पाण्याच्या पाळीचा प्रोग्रॅम निवडला. आमची विहीर भावकीत सामाईक, आणि आज मोटार कुणाची यावरून सारखी ठिणगी पडायची. पाळी कुणाची हे प्रोग्रॅमनंच सांगितलं की कटकट मिटली, असा माझा हिशेब. नावं मी मानाप्रमाणे घातली. आबा सगळ्यांत थोरले, त्यांचं पहिलं.

रविवारी सगळे अंगणात जमले. मी मोठ्या तोऱ्यात लॅपटॉप उघडला. आधी चुलत सासऱ्यांचं नाव आलं, मग त्यांच्या पाठच्या भावाचं, मग चुलत दिरांची, आणि यादी संपली. आबा कुठंच नाहीत. एक दीर म्हणाले, शिकलेल्या सुनेनं पहिला झटका सासऱ्यालाच दिला. सगळे हसले. आबा हसले नाहीत. मोटार बघून येतो म्हणाले आणि उठले. मला इतका राग आला की तो लॅपटॉप विहिरीत टाकावासा वाटला, आणि त्याहून जास्त रडू आलं. चार माणसांत आपल्याच माणसाची शोभा केली होती मी.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांनी चूक दाखवली. कॉम्प्युटर यादी शून्यापासून मोजतो. पहिल्या नावाचा नंबर शून्य, आणि मी मोजणी एकपासून सुरू केलेली. त्यामुळे थोरला माणूसच उंबऱ्याबाहेर राहिला. मी सरांवरच उखडले. मानाच्या माणसाला शून्यावर बसवायचं ही कुठली रीत? सर म्हणाले, ही चूक सगळेच करतात. एक आकडा बदलला आणि आबा हजर झाले.

पण हे आबांना सांगायचं कसं? तुमचा नंबर शून्य, असं सुनेनं सासऱ्याला सांगायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. संध्याकाळी ते बाजेवर बसले होते. मी चाचरतच बोलले. "आबा, तुमचं नाव पयलंच हाय. मशीन पयल्याला एक म्हणत न्हाय, एवढंच."

"मग आमी तरी कुठं म्हणतो? धान्य मापताना पयल्या मापाला लाभ म्हणतो, मग दोन, तीन." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "लाभाच्या जागी बसवलं म्हण की मला."

ही गोष्ट त्यांनी माझ्याआधीच भावकीत सांगितली, तीही चांगली तिखटमीठ लावून. मला वाटलं, तेवढ्यावर भागलं. पण अंगणात फजिती तर झालीच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी अटीप्रमाणे मी क्लासचं जमेल तसं बघू म्हणत सुतळीचं बंडल घेऊन शेडनेटकडं निघाले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"मिरची मी बगतो," ते म्हणाले. "तू जा क्लासला. न्हायतर तितं तुजं नाव गाळत्याल."