परातीचा आवाज

बाळांनो, आज वाऱ्याने बाल्कनीचा पत्रा सारखा वाजतोय, म्हणून हे लिहायला बसले. आजोबा आखातात नोकरीला होते तेव्हा हुफूफ शहरापलीकडे वाळवंटात आम्ही केबिनमध्ये राहायचो. वीज जनरेटरची, पाणी कॅनमधलं. एका दुपारी आजोबा गाडी घेऊन पाणी आणायला गेले आणि वाळूचं वादळ उठलं. त्यात जनरेटर बंद पडला. त्यांना वाट सापडावी म्हणून मी दारात लाटण्याने परात बडवत राहिले. दूरवर हॉर्न वाजला. थोड्या वेळाने आजोबा चालतच आले.

“अहो, हॉर्न ऐकला आणि जीव भांड्यात पडला.”

“कसला हॉर्न? गाडी मघाशीच रुतली. मी तुझ्या परातीच्या आवाजावर आलो.”

मग हॉर्न वाजवणाऱ्या त्या वाट चुकलेल्या माणसासाठी आम्ही दोघांनी अंधार पडेपर्यंत परात बडवली. कुणीच आलं नाही. पुढेही काही कळलं नाही.

आजोबा गेले. पोचे पडलेली ती परात आहे. मी तिच्यातच कणीक मळते.