कौलांवरची घागर
डांबर उकळल्याचा वास आला की मला दाजीबानपेठेतलं आमचं कापडाचं दुकान आठवतं. मी तेव्हा नवी सून होते आणि दुकानावर नवी कौलं घातली होती. छपराचे दोन उतार मिळतात त्या खाचेत गवंड्यानं नुसतं सिमेंट भरलं होतं. मी अळणावरच्या सुताराची लेक. म्हटलं, "उन्हात लाकूड हलतं, सिमेंटला भेगा पडतील. तिथं पत्रा घाला, कडांना डांबर लावा." गादीवर बसलेले सासरे म्हणाले, "कौलातलं बायकांना काय कळतंय?" मी पदर खोचला, भरलेली घागर कमरेवर घेतली आणि शिडी चढले. "ब्याड्री अक्का, ब्याड!" गवंडी हात जोडून कानडीत नको नको म्हणत राहिला. मी अख्खी घागर त्या खाचेत ओतली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग खालून सासरे ओरडले, "पुरे गं बाई, गादी भिजली!" दुसऱ्या दिवशी अंगणात डांबर उकळत होतं. परवा गच्चीची गळती काढायला आलेला मिस्त्री म्हणाला, "आजी, आता थेंबसुद्धा गळणार नाही, लिहून देतो." मी म्हटलं, "लिहू नकोस. बादली आण."