न ओढणारी मोटर

दोरा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरायचा, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची, आणि थोडा वेळ गप्प राहून निकाल द्यायचा: "ओढून राहिली."

एवढं म्हणून ती बाई डोळे उघडायची आणि माझ्याकडे अशी बघायची, की जणू मोटर नव्हे, मीच ओढतोय.

बनशंकरीत देवळाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. तुमच्यापैकी कोणी कॉलेजात रोबोट-बिबोट केला असेल तर येऊनही गेला असाल. मी सर्वो मोटरी बनवून देतो. बाजारातली साधी सर्वो आपल्या मानेसारखी असते. इकडे वळते, तिकडे वळते, सांगाल तिथे थांबते, पण पूर्ण फिरत नाही. मी तिचा आतला अडसर कापतो, तारा बदलतो, हवे तसे दाते बसवतो. मग ती गोल गोल फिरत राहते. आपण कुठे तोंड करून उभे आहोत हे तिला कळत नाही. किती जोरात आणि कुठल्या बाजूला, एवढंच कळतं. पोरं तिला कंटिन्युअस रोटेशन म्हणतात. मी फिरती म्हणतो. चौथीत शाळा सोडली, पण फिरती मोटर माझ्याकडून नेली आणि परत आणून टाकली, असं गिऱ्हाईक अजून जन्मायचंय. हे मी त्या बाईलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"असं का," ती म्हणाली आणि पिशवीतून लोकर काढली.

ती मूळची नागपूरची. मुलाची नोकरी इथे, म्हणून नवरा गेल्यावर मुलानं तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला आणलं. उंच बिल्डिंग, वरचा मजला, खिडकीतून खाली नुसत्या गाड्या. पहिल्यांदा सून गाडीतून घेऊन आली. सुनेनं बिचारीनं फोनवर बघून एक मोटर आधीच मागवली होती. त्या मोटरनं लोकरच तोडली. मग त्यांच्या बिल्डिंगमधल्या कुठल्या तरी पोराकडून माझा पत्ता मिळाला.

"लोकरीची लड ज्यावर चढवतात ते चक्र फिरवायचंय," सून म्हणाली. "सिंपल आहे, अंकल."

"सिंपल काहीच नसतंय," मी म्हणालो. "बसा अक्का. काय लोकर आहे बघू की."

"अक्का काहून म्हणता भाऊ? मी तुमच्याहून लहान असेन."

"आमच्यात सगळ्यांनाच म्हणतात. बसा."

आमचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या फौजेच्या घोड्यांबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. आमची मराठी कानडीच्या मांडीवर वाढलेली. तिला ती ऐकून हसू यायचं. "बघू की, बसा की, स्वल्प थांबा! ही काय मराठी झाली?" आणि मी म्हणायचो, "ओढते म्हणा की सरळ. 'ओढून राहिली' कशाला? कुठे राहिली?" यावर आमचं कधीच जमलं नाही. पण भांडायला मराठी माणूस मिळाला याचा दोघांनाही आनंद होता. तेव्हा तसं कोणी बोललं नाही.

तर ती लोकर. तपकिरी, जुनी, वेडीवाकडी झालेली. नवऱ्याचे स्वेटर तिनं उसवले होते. नागपूरच्या थंडीसाठी सगळे तिनंच विणलेले. उसवून, भिजवून, वजन लावून वाळवून तिनं लडी केल्या होत्या. आता त्या लडींचे गुंडे करायचे आणि गुंड्यांची एक शाल विणायची.

"नवी असती तर तुटली तर तुटली म्हटलं असतं," ती म्हणाली. "ही आता कुठे मिळणार नाही भाऊ. आणि मला यात गाठी नकोत."

लड उलगडताना कोणीतरी समोर बसून ती दोन्ही हातांवर धरावी लागते, हे तुम्ही घरी पाहिलं असेल. तिच्याकडे ते काम नवऱ्याचं. रात्रीच्या जेवणानंतर तो खुर्चीत बसायचा, हात पुढे करायचा, ही गुंडाळायची. ऑफिसातलं सगळं सांगता सांगता त्याला डुलकी लागायची. हात खाली यायचे, दोरा ताणला जायचा. मग ही म्हणायची, "अहो, ओढून राहिलं." की हात वर.

"झोपेतच वर करायचे," ती म्हणाली. "डोळे न उघडता."

मुलाला वेळ नव्हता. सून बसली एकदा, पण तिच्या फोनची रिंग वाजत राहिली. म्हणून नवऱ्याच्या हातांच्या जागी चक्र, आणि ते फिरवायला मोटर.

मी छातीवर हात मारून सांगितलं, "सरी, झालंच समजा. पुढच्या सोमवारी घेऊन जा."

त्या सोमवारी तिनं दोरा बोटांत धरला, डोळे मिटले, आणि निकाल दिला तो तुम्हाला माहीत आहे.

माझाही हट्ट असतो. पोरं येतात ती सगळ्यात ताकदवान मोटर मागतात. मला जोर वाढवायची सवय, इथे जोर काढायचा होता. पितळी दाते काढून प्लास्टिकचे घातले. जोर कमी झाला, पण हळू चालवली की गचके द्यायला लागली. ते घालवले, तर ती थांबेना. बटण मधोमध, बंदवर आणलं तरी मुंगीच्या पावलानं सरकत राहायची. ही गाठ सोडवायला थांबली की इकडे दोरा सैल पडून गुंता. तेही नीट केलं. "आता गुंता नाही," ती म्हणाली. मग डोळे मिटले. "पण ओढून राहिली."

दर वेळी ती रिंग रोडच्या बसनं यायची, एकटी. त्या रस्त्यावरचा ट्रॅफिक तुम्हाला सांगायला नको. यायचं-जायचं म्हणजे सगळा दिवसच. मी म्हणालो, फोन करून विचारत जा, मोटर तयार असेल तेव्हाच या. ती "बरं" म्हणायची आणि तयार नसतानाही यायची. भिंतीजवळचं स्टूल ओढून बसायची. डब्यातून काहीतरी काढायची, ते इतकं तिखट असायचं की माझ्या डोळ्यांतून पाणी येई. मी म्हणायचो तिखट नाही, धूळ गेली.

एकदा एक कॉलेजचा मराठी पोरगा आपल्या मोटरीसाठी थांबला होता. त्यानं तिला मोठ्या उत्साहानं विचारलं, "आंटी, टॉर्क, म्हणजे जोर, किती हवाय तुम्हाला?"

"माझ्या नवऱ्याइतका," ती म्हणाली.

पोरगा फोन काढून बघायला लागला. मी यंत्रात तोंड घातलं. बाई एकटीच हसली.

शेवटी मी वैतागलो. म्हणालो, "अक्का, तुम्ही नुसतं ओढते ओढते म्हणता. तुमचा हात कसा चालतो ते मला बघायचंय." आणि चक्रावरची लड काढून मी माझ्याच हातांवर घेतली. स्टूल समोर ओढलं. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग टोक शोधलं आणि गुंडाळायला लागली.

मी हातांकडे बघत होतो, कारण ते माझं काम. गल्लीत भाजीवाला ओरडून गेला. ती नुसती गुंडाळत होती आणि माझे हात आपोआप डावीकडे, उजवीकडे होत होते. कोणी शिकवलं नव्हतं. गुंडा लहान होता तेव्हा दोरा सावकाश जायचा. गुंडा वाढला तसा प्रत्येक फेऱ्याला जास्त जायला लागला. तिथे मला कळलं. मोटर एकाच चालीनं फिरते, आणि गुंडा तर वाढत जातो. चक्र मागे पडतं. ओढणारच ती.

हे कळल्याच्या आनंदात माझं लक्ष उडालं. हात भरून आले होते, खाली आले.

"ओढून राहिलं," ती म्हणाली.

मी हात वर केले. ती पुढे गुंडाळायला लागली. लड संपेपर्यंत मी मोटरीचा विचार केला नाही.

मग मी मोटर आणि चक्र यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, चकती बसवली. मोटर चक्राला नुसता रेटा देणार. दोरा पुढे गेला तर चक्र मोटरला सोडून पुढे सरकणार. मी एवढी वर्षं मोटरी बनवतोय, अशी कोणासाठी बनवली नव्हती आणि पुन्हा बनवणारही नाही.

ती आली. दोरा बोटांत धरला. डोळे मिटले. मान कलती केली. त्या दिवशी फार वेळ घेतला तिनं.

"नाही ओढत," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मग? मी काय सांगितलं होतं?"

"हो जी. सांगितलं होतं तुम्ही." तिनं मोटर आणि चक्र कापडात बांधलं, स्टूल होतं तिथे भिंतीला सरकवून ठेवलं आणि गेली.

नंतर आली नाही. येणार कशाला? काम झालं होतं. दिवाळी झाली, थंडी पडली. इथली थंडी म्हणजे काय, पण सकाळी शाल लागते. शाल झाली असेल, असं एक-दोनदा मनात आलं. तिचा नंबर माझ्याकडे होता. पण फोन करायचा तर काय म्हणून? मोटर कशी चाललीय विचारायला? माझी मोटर चालतेच. आणि मी कधी कोणाच्या घरी जात नाही. काही बिघडलं तर माणसानं दुकानात यावं, हा माझा पहिल्यापासूनचा नियम आहे. दुकानाच्या वरच माझं घर, तिथेही मी झोपण्यापुरताच जातो. वर कोण आहे?

थंडी सरल्यावर सून आली, हातात तेच कापडातलं गाठोडं. मी तिच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"आई गेल्या अंकल. मागच्या महिन्यात." ती स्टुलावर बसली नाही. "दिवाळीनंतर त्यांना चालवतच नव्हतं. पण सारखं म्हणायच्या, बनशंकरीला जायचंय, मोटर ओढून राहिली. मी म्हटलं, मी नेऊन दाखवते. तर नाही म्हणायच्या. मीच जाईन, भाऊंना मलाच सांगावं लागेल."

मी म्हणालो, "ओढते?"

"मला त्यातलं कळत नाही. तुम्ही चेक कराल? आता गरज नाही, पण त्यांचं राहून गेलं ना."

ती गेल्यावर मी गाठोडं सोडलं. चक्रावर एक तपकिरी लड अजून होती. मोटर सुरू केली. दोरा अंगठा आणि बोटामध्ये धरला आणि डोळे मिटले. मग गुंडा करून बघितला, लहान असताना, मोठा झाल्यावर, थांबवून, पुन्हा सुरू करून. चकती उघडून पाहिली, नमदा जसाच्या तसा होता.

मोटर ओढत नव्हती. हे मी कोणाहीसमोर सांगेन. जराही ओढत नव्हती.

मी ती बंद केली. गुंडा पुन्हा उलगडला, लड केली, दोन्ही हातांवर घेतली आणि माझ्या जागेवर बसलो. समोर भिंतीजवळ स्टूल होतं. गल्लीतून भाजीवाला गेला. थोड्या वेळानं हात भरून आले, हळूहळू खाली आले, आणि मी ते तसेच राहू दिले.

कोणी काही म्हणालं नाही.