ट्रकला दिलेलं आवतन

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी तुपात हळद कालवली आणि अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या समोरच्या दोन्ही कोपऱ्यांना, बैलाचा खांदा शेकावा तशी, हलक्या हाताने चोळली. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमची बैलजोडी विकून तेव्हा तीन वर्षं झाली होती. तीन पोळे बाबांनी गोठ्याकडे पाठ करून काढले होते. म्हणून मी हसले नाही. आई मात्र चुलीपासून म्हणाली, "त्याले पुरनपोळी कोठून चारता, ते तं सांगा आधी."

ट्रक आमचा नव्हता. मोहगावच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटाने तो छोटा इलेक्ट्रिक ट्रक एका महिन्याच्या बोलीवर आणला होता. मी बी.एस्सी. झालेली, आमच्या घरातली पहिलीच. गटाने मला ट्रकची जबाबदारी दिली. चालवायची मी, चार्ज करायची मी, हिशेबाला उभी राहायची मी. गटाचे अध्यक्ष जुने शेतकरी, आयुष्यभर डिझेलच्या टेम्पोत माल भरलेले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पाहू महिनाभर. माल भराच्या दिवशी एकदा जरी उभा राहिला, तं वापस." ट्रक वापस म्हणजे माझी नोकरीही वापस, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलांची रांग लागली. रांगेच्या शेवटी बाबांनी ट्रक उभा करायला लावला. झेंडूच्या माळा, कपाळाला बेगड, सगळं झालं. तेवढ्यात ते म्हणाले, "एवढी मोठी बॅटरी आहे येच्यात. रोषनाई नाई लागत काय?" त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी असं काही पाहत होते. मी सीट उचलली, खालच्या छोट्या बॅटरीला वायर जोडली आणि टपावर दिव्यांची माळ आणि दोन फोकस लावले. अख्खं गाव बघायला आलं. घरी आल्यावरही आम्ही ते विझवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर, म्हणजे लहान मुलांचा तान्हा पोळा. मुलांना दिवे हवे होते. आणि पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून दोन दिवस ट्रकची किल्लीही कोणी फिरवली नाही. बाबांनी चार्जरची पिनसुद्धा काढून ठेवली होती. "आराम करू दे," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, तर काहीच नाही. स्क्रीन काळी. चार्जर लावला, तरी दिवा लागेना. ट्रकच्या पोटातली मोठी बॅटरी भरलेली होती, हे मला ठाऊक होतं. पण मोठ्या बॅटरीचा दरवाजा उघडतो तो छोट्या बॅटरीच्या जोरावर. छोटी रिकामी असेल, तर मोठी भरलेली असूनही उपयोग नाही. हे नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.

सहा घरांची फुलगोबी संध्याकाळपर्यंत पांढुर्ण्याच्या बाजारात पोचवायची होती. कंपनीच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, परवा येतो.

बाबा ओसरीवर बसून होते. मी आधी काळी वायर सोडली, मग लाल, आणि बॅटरी बाहेर काढली. ती स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये ठेवून सौंसरला निघाले.

बसस्टँडच्या मागे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणारे एक म्हातारे मिस्त्री होते. फळ्यांवर ओळीने बॅटऱ्या, वायरींचं जाळं, तेजाबाचा नाकात बसणारा वास. मी सगळं सांगितलं. रोषणाईचंही.

ते चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे पोळ्याच्या दिवशी बैल सजवला, अन् त्याचंच रक्त काढून दिवे लावले? वा व बाई! कोनत्या शाळेत शिकली?"

"काका, झालं ते झालं. तुमची मशीन मोठी आहे ना? जोराचा करंट देऊन अर्ध्या तासात होईल?"

"होईन की. फुगवून देतो. पांढुर्ना यायच्या आधी बॅटरी घाटात झोपीन, अन् मंग कायमची झोपीन. पाह्यजे काय?"

मी मानेनेच नको म्हटलं.

"मंग हळू भरू लागन. दुपार होईन. अन् एक सांगतो," त्यांनी बॅटरी उलटसुलट करून पाहिली, "ट्रॅक्टरची बॅटरी मी वासावरून ओळखतो. पानी उकळ्या मारून राह्यलं, का समजते. पन हा बंद डब्बा. येच्यात किती घालाचं, मले नाई मालूम. येच्यावर लिवलं असन, पन ते इंग्रजीत. तू वाच. मी फिरवतो."

लेबलवरची अक्षरं बारीक होती. काही मी लेबलवर वाचलं, काही मोबाईलमधल्या ट्रकच्या पुस्तकात. साडेचौदा व्होल्टच्या वर नेऊ नका. करंट कमी ठेवा. जलद चार्जिंग करू नका. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले आणि ते मशीनचं बटण एकेक घर मागे घेत गेले. ट्रॅक्टरसाठी ते जिथे ठेवत, तिथून बरंच खाली काटा येऊन थांबला. "एवढुसं?" त्यांनी विचारलं. "एवढंच," मी म्हणाले. त्यांनी माझ्या शब्दावर चिमटे लावले.

कॉलेजात मी व्होल्ट आणि ॲम्पियरची गणितं पानंच्या पानं सोडवली होती. चांगले मार्क मिळाले होते. पण काटा हळूहळू चढताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आणि त्या पानांचा कोणाला तरी उपयोग झाला, तोही पहिल्यांदाच. पंधरा वर्षं आईबाबांनी मला शेतातून लवकर सोडून बसला पाठवलं, ते इथे येऊन पोचलं, असं वाटलं.

"अध्यक्षाले फोन केला?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. आधी सुरू तर होऊ द्या."

"सुरू झाल्यावर कायले सांगशीन? तेव्हा तं कोनीबी सांगते."

मी बाहेर रस्त्यावर जाऊन फोन लावला. "काका, ट्रक बंद आहे. चूक माझी. छोट्या बॅटरीवर रोषणाई लावली."

पलीकडून त्यांनी एवढंच विचारलं, "डिझेलवाल्याले सांगू काय?"

"तीन वाजेपर्यंत थांबा."

"तीन म्हंजे तीन." फोन बंद.

तिथेच एका उलट्या डब्यावर बसून राहिले. मिस्त्रींनी डबा उघडला. सणाच्या उरलेल्या पुरणाची पोळी होती. अर्धी मला दिली. मी विचारलं, हे काम कोणाकडे शिकलात? म्हणाले, "बॅटऱ्याइकडे. चार-दोन फुटल्या, तेव्हा समजलं." त्यांनी हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतचे पांढरे डाग दाखवले.

दोन वाजायला आले तेव्हा त्यांनी चिमटे काढले. मी मीटर लावायला पुढे झाले, तर माझा हात धरला. "उतरवल्या उतरवल्या मोजलं तं खोटं बोलते ते. बसू दे जराशी." ती पंधरा मिनिटं मला सकाळपासूनच्या सगळ्या वेळापेक्षा मोठी वाटली. मग त्यांनी मोजलं. "पूर्न नाई भरली. पन उठवन. एकदा उठवलं, का मोठी बॅटरी तिले पाजत राहीन. आता पळ."

घरी पोचले तेव्हा बाबांनी टपावरून माळ आणि फोकस उतरवून, वायर नीट गुंडाळून ठेवली होती. गोबीची पोती ओसरीला लागली होती. सोबत पोतीवाले शेतकरी आणि अध्यक्षही. अध्यक्ष घड्याळाकडे बघत नव्हते, पण त्यांच्या हातात फोन होता. मी आधी लाल वायर लावली, मग काळी. किल्ली फिरवली.

सीटखालून टक् असा आवाज आला. स्क्रीन उजळली. बाबा ट्रकच्या कोपऱ्यावर वाळलेली हळद पुसू लागले, का कोण जाणे.

पोती चढली. अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन बसले. सौंसर गेलं, घाट गेला. मी सारखी स्क्रीनवरचा छोट्या बॅटरीचा आकडा पाहत होते. तो चढत होता. त्यांचं लक्ष बाहेर कपाशीवर. पांढुर्णा दिसू लागलं तेव्हा ते म्हणाले, "त्याले आवतन कोनं देल्लं होतं? तुह्या बापानं?"

"हो."

"मंग पुढच्या साली जेवाले घाल म्हना. दिवे नोको लावू."

पुढच्या साली. मला स्टिअरिंग घट्ट धरावं लागलं.

नंतर मी एका पुठ्ठ्यावर बंद बॅटरीचे सगळे नियम मोठ्या मराठी अक्षरांत लिहून मिस्त्रींना नेऊन दिले. मी जे काही आजवर लिहिलं, त्यातलं ते मला सगळ्यात आवडतं. त्यांनी ते मशीनच्या वर खिळ्याला अडकवलं आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे."

त्यानंतर दोन पोळे झाले. ट्रक आमच्याच अंगणात आहे. आवतनही दरवर्षी असतं, हळद-तुपासकट. तोरणाखालून आल्यावर बाबा पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, पाणी फिरवतात, आणि मग चार्जरची पिन स्वतःच्या हाताने लावतात. दिवा हिरवा झाला की आईकडे वळून म्हणतात, "पाह्य, जेवून राह्यला."