सातवं पाणी

माझी नातवंडं म्हणतात, आजोबांनी एक गोष्ट काढली की तिच्यातून चार फुटतात. खरंच आहे. पण सहादूची गोष्ट मी त्यांना आजवर अर्धीच सांगितली. हसायची तेवढी.

सहादू म्हणजे सहादेव. जामखेडच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या शाळेत आम्ही दोघं एकाच पोत्यावर बसून सातवी झालो. पुढं दोघांनीही नांगर धरला, पण त्याचं डोकं काही नांगराला जुंपलं गेलं नाही. एकदा त्यानं खुराड्यात कंदील टांगून कोंबड्यांच्या रात्रीचा दिवस केला, की बाबा अंडी दुप्पट मिळतात का. कोंबड्यांनी अंडी द्यायचीच सोडली. मग म्हशीला रेडिओ ऐकवला. दूध वाढलं नाही, पण बातम्या लागल्या की ती म्हैस कान टवकारायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

हायब्रीड ज्वारी गावात पहिल्यांदा पेरली ती त्यानंच. ग्रामसेवकानं सांगितलं, रानाचे दोन तुकडे कर, एकाला खत घाल, एकाला घालू नकोस, म्हणजे फरक कळतो. झालं! त्या दिवसापासून घरातही दोन तुकडे. राही त्याची थोरली, नऊ वर्षांची. गोरक्ष चारचा.

"ही राही आमचा खताचा तुकडा," तो ओट्यावर बसून सांगायचा, "अन् ह्यो गोरक्ष बिनखताचा. दिवाळीला मापतो कोन उंच भरतंय."

आतून झुंबरबाई, त्याची बायको, ओरडायची, "अवं, पोरं हायती का उंदरं?"

"उंदरं इकत आनावी लागत्यात, झुंबरे. पोरं घरचीच हायती!"

आम्ही पोट धरून हसायचो. मी सगळ्यांत जास्त.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सगळा गाव पाझर तलावाच्या कामावर गेला. रेशनला परदेशातली मिलो ज्वारी आली, दाणा तांबडा. आता आमच्याकडं रंगीत दाणा म्हणजे काय, तर हायब्रीडचं बियाणं. त्याला किडीचं विष चोळलेलं असायचं आणि ते ओळखू यावं म्हणून गुलाबी रंग. लोकांनी ठरवून टाकलं की हिलाही विष चोळलंय. पोटं खपाटीला गेलेली, आणि पोती तीन दिवस चावडीत तशीच.

चौथ्या दिवशी सहादू परात, पाण्याची कळशी आणि पांढरं धोतर घेऊन चावडीत आला. मूठभर मिलो धुतली, धोतरात चोळली, धोतर फडकावून दाखवलं.

"बगा रं. बियान्याचा रंग पान्याला सुटतो. हिचा सुटतोय का? न्हाई. रंग सुटत न्हाई ते खायाला चांगलं!"

"मग खाऊन दाव की," गर्दीतून गावातला छगन म्हणाला.

"मी कशाला? घरचे उंदीर आनल्यात."

आदल्या दिवशी त्यानं मिलो घरी नेऊन तिची भाकर स्वतः खाऊन पाहिली होती. मला माहीत होतं. पण चावडीत ते सांगितलं असतं तर मजा काय राहिली? त्यानं दोन्ही पोरं मधोमध बसवून हातात ती भाकर दिली. राहीनं घास चावला, सगळा गाव तिच्या तोंडाकडं बघतोय.

"चव न्हाई," ती म्हणाली, "पर ग्वाड मानून खावी."

चावडी हसली. संध्याकाळपर्यंत पोती रिकामी.

पुढं पंधरा दिवसांनी रेशन थकलं. आम्ही सगळे कामावर होतो. भर दुपारी शेजारची लंकाबाई ऊर फुटेस्तोवर पळत आली. "सहादू, गोरक्षाला झटकं येत्यात!"

पुढच्या पेरणीसाठी सहादूनं दोन शेर बियाणं डब्यात ठेवलं होतं. कीड लागू नये म्हणून त्यावर आणखी पावडर स्वतःच्या हातानं चोळलेली. तो डबा राहीला सापडला होता. आईबाप कामावरून भुकेले येतील म्हणून तिनं ते दळलं, भाकरी भाजल्या. गोरक्षाला अख्खी दिली. स्वतः चतकोर खाल्ली, बाकीच्या बापासाठी झाकून ठेवल्या.

माझी गाडी जुंपली. दवाखाना नऊ मैल, आणि बैलांत तरी काय उरलं होतं? निम्म्या वाटेत गोरक्ष कायमचा गप झाला. झुंबरबाईनं त्याला पदराखाली घेतलं. राही ओकून ओकून सहादूच्या मांडीवर पडली होती. तिला वाटत होतं, पाण्याचा हंडा रिकामा केला म्हणून बाप रागावणार.

"दादा, पानी समदं संपलं. मी सात डाव धुतलं. पयल्या पान्याला रंग सुटला, दुसऱ्याला सुटला. सातव्याला न्हाई सुटला. मंग दळलं. तुमीच म्हनला हुता ना?"

गाडीचं एक चाक करकरत होतं.

"माझं चुकलं का, दादा?"

"न्हाई. बराबर केलंस," तो म्हणाला. "तुजी भाकर चांगलीच हुती. सकाळी कामाला जाताना मी गोरक्षाला जंताचं औषध चाटवलं. नवं हुतं. त्येचं झालं ह्ये."

झुंबरबाईनं मान वर केली. सकाळी तिनं घर सोडलं तेव्हा सहादू तिच्या पुढं होता, चाटण-बिटण काही झालं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, त्याच्याकडं बघितलं, आणि पदराचा बोळा दातांत धरला.

दवाखान्याच्या दारात तो आधी एकटा उतरला आणि डॉक्टरला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. राही चौथ्या दिवशी उठून बसली. परत येताना तो मला म्हणाला, "रंगा, राही हाय तवर कुनाला बोलू नगं."

गावात छगननं त्याला चावडीपुढं अडवलं. राही बापाचं बोट धरून उभी. "सहादू, खरंच परयोग केलास का रं पोरावर?"

"व्हय," सहादू म्हणाला. "केला."

तलावाच्या कामावर घमेली हातोहात जायची. सहादूच्या हातून घमेलं कुणी घेईना. तो भरायचा, खाली ठेवायचा, मग पुढचा गडी उचलायचा. मग मी त्याच्या शेजारी उभा राहून हातातून घेऊ लागलो. तेवढंच केलं मी. बायका तो दिसला की पोरं घरात ओढायच्या. ज्यांची पोरं त्याच्या मिलोवर जगली त्याच बायका.

राहीला कोल्हारला दिली. बाळंतपणाला ती एकदाही माहेरी आली नाही. "तितं माजी पोरं न्यायची न्हाईत," असा निरोप. सहादू ऐकून म्हणाला, "बरं हाय. पोरं सुखरूप हायती ना?"

एकतीस वर्षं तो तसा जगला. थट्टा म्हणून तोंडातून पुन्हा निघाली नाही.

राही गेल्या साली गेली. म्हणून आज लिहिलं. सहादू गेला तेव्हा त्याच्या तिसऱ्याला मात्र ती आली होती. राख सावडून झाल्यावर माझ्यापाशी येऊन बसली, डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेले.

"रंगाकाका, मानूस म्हनून कसा हुता वं माजा बाप?"

"लई चांगला."

"मंग गोरक्षाला का चाटवलं त्येनं?"

झुंबरबाई पलीकडं बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"त्याला वाटलं, गुन येईल," मी म्हणालो.